गाडी विजेची, पण रस्ता सर्वांचा!

गेल्या महिन्यात एकाच सकाळी माझ्या दवाखान्यात दोन रुग्ण आले. पहिले होते अडुसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. मनगट सुजलेले, कोपर खरचटलेले. बाजारपेठेच्या वळणावर विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा धक्का लागून ते पडले होते. हाताला पट्टी बांधताना ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "डॉक्टर, आयुष्यभर मी कानानं रस्ता ओलांडला. या गाडीचा आवाजच आला नाही हो!"

दुसऱ्या होत्या जवळच्या वाडीवरच्या एक आजी. रक्तदाब २०० च्या वर गेलेला आणि उजव्या हातात किंचित दुबळेपणा. मी जरा रागानेच विचारले, "आजी, गोळ्या का बंद केल्या?" त्या म्हणाल्या, "बाबा, गोळ्या संपल्या. यायचं कशानं? फाट्यापर्यंत तीन कोस चालायचं, मग वडाप भरेस्तोवर बसायचं. गुडघं चालत न्हाईत." त्यांना मी तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले.

वाचकहो, एकाला नव्या वाहनाने जखमी केले, तर दुसरीला वाहन नसल्याने आजारी पाडले. वाहतूक हा विषय इंजिनिअरांचा आणि पोलिसांचा, असे आपण समजतो. पण तो डॉक्टरांचाही आहे. आज आपल्या गावात विजेच्या स्कूटर, ई-रिक्षा, मोबाईलवर बोलावता येणाऱ्या गाड्या येत आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र औषध देताना आम्ही त्याचा गुण पाहतो, तसा दुष्परिणामही पाहतो. वाहनाचेही तसेच करू.

धूर कमी झाला, धूळ राहिली

विजेच्या वाहनाला धुराडे नसते, हा त्याचा मोठा गुण. धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या खोल भागात शिरतात, तेथून रक्तात उतरतात. दमा, जुना खोकला, हृदयविकार आणि पक्षाघात या सर्वांशी त्यांचा संबंध आहे. आपल्या देशात फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधील शिसे काढले गेले आणि एप्रिल २०२० पासून 'बीएस-६' हे कडक निकष लागू झाले. विजेची वाहने ही त्यापुढची पायरी आहे.

पण टायर झिजतात, ब्रेक घासतात आणि उखडलेल्या रस्त्यावरची माती उडतच राहते. सर्वांनी विजेच्या गाड्या घेतल्या, तरी गाड्यांची संख्या अशीच वाढत गेली, तर धूळ आणि कोंडी कायम राहील. चाळीस जणांना नेणारी एक बस जेवढा रस्ता अडवते, त्याच्या कितीतरी पट रस्ता चाळीस स्वतंत्र गाड्या अडवतात.

न ऐकू येणारी गाडी

वय वाढले की ऐकणे मंदावते. संथ चालणारी विजेची गाडी जवळजवळ आवाज करत नाही. अंध व्यक्ती, वृद्ध आणि खेळण्यात दंग असलेली मुले यांना ती चटकन कळत नाही. युरोपीय संघाने जुलै २०१९ पासून नव्या प्रकारच्या विद्युत मोटारींना कमी वेगात सावध करणारा आवाज सक्तीचा केला, तो याच कारणासाठी. आपल्याकडे चालकाने गर्दीत वेग कमी ठेवणे आणि वळणावर हळू हॉर्न देणे एवढे तरी करावे.

वेगाचे साधे गणित

वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. ताशी ६० वेगात हेच अंतर सुमारे १७ मीटर होते. समोर अचानक मूल आले, तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढे अंतर निघून जाते. वेळेवर थांबणे आणि न थांबणे यांतला फरक एवढाच असतो.

२०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे गेली. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. म्हणजे रस्त्यावर ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवच नाही, तीच माणसे जास्त मरतात.

मोटारीची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या विजेच्या दुचाकीला नोंदणी व परवाना लागत नाही. म्हणून पालक ती शाळकरी मुलांच्या हाती देतात. कोणी तिचा वेग परस्पर वाढवूनही घेतात. हे बेकायदा तर आहेच, शिवाय त्या वेगाला तिचे ब्रेक पुरे पडत नाहीत. परवाना लागत नसला, तरी डोके तेच आहे. हेल्मेटमुळे डोक्याची इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट मात्र घातले काय, न घातले काय, सारखेच.

बॅटरीची काळजी

अनेक ई-रिक्षांत शिसे आणि आम्ल असलेल्या बॅटऱ्या असतात. जुनी बॅटरी घरामागे फोडून शिसे वितळवणे हा जीवघेणा धंदा आहे. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, रक्त कमी होते, पोटात कळा येतात. शिशाचे निर्धोक असे प्रमाणच नाही. जुनी बॅटरी विक्रेत्यालाच परत द्यावी. लिथियमच्या बॅटऱ्यांचा धोका वेगळा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या. कंपनीचाच चार्जर वापरावा. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ रात्रभर चार्जिंग लावून झोपू नये. आग लागली तर पळायची वाटच बंद होते.

पाय विसरू नका

माझ्याकडे येणाऱ्या एका दुकानदारांनी विजेची स्कूटर घेतली. खर्च जवळपास नाही, म्हणून घरापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या दुकानात ते दिवसातून चार वेळा स्कूटरनेच जाऊ लागले. सहा महिन्यांत वजन वाढले, साखरही वाढली. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांचे हे चालणे पूर्वी फुकटात होत होते! बसने जाणारा माणूस निदान थांब्यापर्यंत तरी चालतो. एक किलोमीटरच्या आतल्या कामाला स्कूटर काढू नये, हा माझा साधा नियम आहे.

वाहन कोणासाठी?

आता त्या आजींकडे वळू. बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी १९९४ साली 'तीन विलंब' मांडले. उपचार घ्यायचे ठरवण्यात उशीर, दवाखान्यात पोहोचण्यात उशीर आणि तेथे उपचार मिळण्यात उशीर. मधला उशीर हा रस्त्याचा आणि वाहनाचा असतो. रक्तदाब, मधुमेह, डायलिसिस या सर्वांना हेच लागू आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात आहे, पण ती तातडीच्या रुग्णासाठी. दरमहा गोळ्या आणायला आजी कशाने येणार?

मोबाईलवर बोलावायची गाडी ही सोय खरीच. पण ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याला अक्षरे दिसत नाहीत, ज्याच्या वाडीत रेंज नाही, त्याला ती सोय नसल्यासारखीच. एस.टी.मध्ये २०२२ साली पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे सुरू झाले. या सवलतींचे मोल मी दवाखान्यात रोज पाहतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' धावली. हे नवे तंत्र फाट्यावरून आत, वाडीपर्यंतही पोहोचले पाहिजे.

केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणात एक चांगले तत्त्व आहे : नियोजन वाहनांचे नव्हे, माणसांच्या ये-जा करण्याचे करावे. ते लहान गावांनाही तंतोतंत लागू पडते.

आपण काय मागावे?

१) शाळा, दवाखाना व बाजार यांच्याजवळ ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा आणि गतिरोधक.

२) स्टँडपासून रुग्णालयापर्यंत सलग, मोकळा पदपथ. त्यावर ना टपरी, ना उभी गाडी.

३) ई-रिक्षांना ठरलेला मार्ग आणि फलकावर लिहिलेले भाडे. स्टँड-रुग्णालय हा मार्ग पहिला.

४) साध्या फोनवरून बोलावता येईल अशी सोय. फोन नसलेल्यासाठी स्टँडवर माणूस.

५) बसथांब्यावर सावली, बाक आणि गुडघेदुखीच्या माणसाला चढता येईल अशी पायरी.

६) फाट्यावरून आतल्या वाड्यांना आठवड्यातून निदान बाजारादिवशी ठरलेल्या वेळी वाहन.

ग्रामसभेत, नगरपरिषदेत हे विषय मांडा. एकट्या माणसाचा अर्ज फायलीत राहतो, पन्नास सह्यांचा अर्ज वाचला जातो.

आजी आता बऱ्या आहेत, हातात चमचा धरता येतो. मी त्यांना एकदम दोन महिन्यांच्या गोळ्या लिहून देतो आणि वाडीतल्या एका दूधवाल्या मुलाकडे गोळ्या पाठवण्याची सोय केली आहे. पण हा तात्पुरता इलाज झाला. शेजारच्या वाडीत अशाच कोणी आजी असतील आणि तिकडे दूधवाला जात नसेल. गावात नवे वाहन आले की त्याची किंमत आणि मायलेज जरूर विचारा. त्यासोबत एवढेही विचारा, की यात माझी आजी बसू शकेल का, आणि ती रस्ता ओलांडत असताना हे तिला दिसेल का, ऐकू येईल का?