उच्च तापमान मोजण्याचे शालेय साधन



उष्णतेचा पाठ चालू असता एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "गुरुजी, चुलीतील निखारा किती तापलेला असतो?" मला हा प्रश्न प्रथम विचारला गेला तेव्हा मी नवशिका शिक्षक होतो. उत्साहाच्या भरात मी पाऱ्याचा तापमापक शेगडीवरील तापलेल्या वाळूत खोचला. काच फुटली, पारा जमिनीवर विखुरला आणि त्याची वाफ विषारी असते हे ठाऊक असूनही मुलांना वर्गाबाहेर नेण्यास मी उशीर केला. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. निखाऱ्यासाठी निराळेच साधन हवे, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

ते साधन म्हणजे तपयुग्म, अर्थात थर्मोकपल. दोन भिन्न धातूंच्या तारांचे एक टोक तापविले व दुसरे थंड ठेवले, तर त्या मंडलात अल्प विद्युत्‌दाब निर्माण होतो. १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञास अशा मंडलाजवळील चुंबकसूची हललेली दिसली. त्यातून या परिणामाचा शोध लागला.

साहित्य : बांधकामाची लोखंडी तार १ मीटर, तेवढीच कॉन्स्टंटनची तार (ही तांबे व निकेल यांची मिश्रधातू असून प्रयोगसाहित्याच्या दुकानात मिळते), तांब्याच्या दोन तारा, मिलिव्होल्ट दर्शविणारा अंकदर्शक मल्टिमीटर, दोन परीक्षानळ्या, थर्मास, बर्फ आणि कुंभाराकडून भाजून घेतलेले मातीचे मणी.

रचना : दोन्ही तारांची टोके घासून स्वच्छ करावीत व चार घट्ट पीळ द्यावेत. हा उष्ण सांधा. पुढे तारा एकमेकींस टेकू नयेत म्हणून त्यांत मणी ओवावेत. प्रत्येक तारेचे मोकळे टोक तांब्याच्या तारेस जोडून ते जोड वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत सोडावेत. नळ्या थर्मासमधील बर्फाच्या चुऱ्यात व पाण्यात उभ्या कराव्यात. तांब्याच्या तारा मल्टिमीटरला जोडाव्यात; लोखंडाची बाजू धन असते. हे साधन दोन टोकांतील फरक मोजते. म्हणून थंड टोक शून्य अंशावर स्थिर राहणे अगत्याचे आहे.

अंशांकन : उष्ण सांधा बर्फाच्या पाण्यात धरल्यास वाचन शून्य यावे. उकळत्या पाण्यात ते सुमारे ५.३ मिलिव्होल्ट येईल. आपले गाव उंचावर असल्यास दर ३०० मीटरमागे उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने कमी धरावा. तिसरा बिंदू शुद्ध कथलाचा. ते वितळवून थंड होऊ द्यावे. गोठत असताना तापमान २३२ अंशांवर काही वेळ स्थिर राहते. त्या वेळी वाचन सुमारे १२.५ येते. डागकामाचे कथील मिश्र असते, ते येथे चालत नाही. विद्यार्थ्यांनी आलेखकागदावर हे तीन बिंदू मांडून रेषा काढावी. २३२ अंशांपुढील रेषा तुटक काढावी. कारण तेथून पुढे आपण मोजलेले नसून अनुमान केलेले असते.

दक्षता : कथील वितळविण्याचे काम शिक्षकांनीच, उघड्या जागी, चष्मा लावून करावे व मुलांना चार हात दूर बसवावे. पाण्यातून काढलेला सांधा आचेवर पूर्ण वाळविल्याशिवाय वितळलेल्या धातूत कदापि घालू नये. पाण्याच्या एका थेंबाची क्षणात वाफ होऊन धातू उसळतो. लोखंड तापून गंजते, म्हणून ६०० अंशांपलीकडे या साधनाचा भरवसा धरू नये.

आता निखाऱ्याकडे वळावे. अंधारात मंद लाल दिसणारा पदार्थ ५०० अंशांच्या पुढे असतो. मुलांचे वाचन तुटक रेषेवर त्याच सुमारास पडले, तर दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या. न जुळल्यास आकडा खोडू नये. पीळ सैल आहे काय, बर्फ वितळला काय, हे मुलांनाच शोधू द्यावे. प्रदर्शनात तक्ता मांडताना "मोजलेले" व "अनुमानित" असे दोन रकाने अवश्य ठेवावेत. आपल्या ज्ञानाची सीमा कोठे संपते हे प्रामाणिकपणे दाखविता येणे, हेच विज्ञानशिक्षणाचे खरे फळ होय.