कार्तिकांतील कापणी आणि जुना ट्रॅक्टर

आश्विन सरून कार्तिक लागला म्हणजे पावसाचा आवाज थांबतो आणि शेतांत विळ्यांचा आवाज ऐकूं येऊं लागतो. पहाटे बांधावरच्या गवतावर दंव दिसतें, दुपारीं ऊन चटका देतें, आणि संध्याकाळीं खळ्यावर नव्या पेंढ्याचा वास येतो. वर्षभराच्या कष्टांचें फळ हातीं येण्याचे हे दिवस होत. आणि तें हातचें जाण्याचेहि हेच दिवस होत. म्हणून कापणीचा, व तिच्या कामीं येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टराचा, असा एक धडा आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. पुष्कळ गांवांत आतां असा एखादा ट्रॅक्टर असतो. त्याचा रंग उडालेला असतो, बसण्याच्या जागेवर पोत्याची घडी घातलेली असते, पण हंगाम आला कीं सर्वांच्या नजरा त्याच्याकडे लागतात. त्याजकडून कोणती अपेक्षा करावी, आणि कोणती करूं नये, हें आपण नीट समजून घेऊं.

१. साष्टीचीं शेतें व कांदिवलीचा कारखाना

अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड हीं नांवें आज ऐकलीं म्हणजे आगगाडीची गर्दी व उंच इमारती डोळ्यांपुढें येतात. परंतु हा सर्व मुलूख साष्टी बेटांतील भातशेतीचा होता. खाडीचें खारें पाणी बांध घालून अडविलेलीं खाजणें, त्यांच्या कडेस मिठागरें, आणि डोंगराच्या पायथ्याशीं भाताचीं खाचरें, अशी येथील रचना होती. १९५० सालीं अंधेरी व घाटकोपरच्या बाजूचा, आणि १९५७ सालीं दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईंत सामील झाला. पुढें हळूहळू खाचरांवर घरें उभीं राहिलीं. तथापि जुनी आठवण अगदींच पुसली गेलेली नाहीं. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक ऑक्टोबर महिन्यांत आगेरा नांवाचा नव्या भाताचा सण पाळतात. आणि आरे येथील कांहीं पाड्यांवर आदिवासी कुटुंबें अद्यापि पावसाळ्यांत भात व भाजीपाला करितात.

याच मुलुखांतून ट्रॅक्टर मात्र देशभर गेले. आपल्या देशांत स्वातंत्र्यानंतर पडीक जमिनींतील खोल मुळांचें कांस गवत उपटण्यासाठीं सरकारनें परदेशांतून मोठे ट्रॅक्टर आणविले. त्या कामासाठीं १९४९ सालीं जागतिक बँकेनें एक कोटि डॉलरांचें कर्ज दिलें होतें. देशांत तयार झालेला पहिला ट्रॅक्टर १९५९ सालीं फरिदाबाद येथील आयशर कारखान्यांतून बाहेर पडला. पुढें १९६३ सालीं महिंद्र आणि महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर ही परदेशी कंपनी, व व्होल्टास यांनीं मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. बोरीवलीच्या शेजारीं कांदिवली येथें आकुर्ली रस्त्यावर तिचा कारखाना होता. १९६५ सालीं तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर निघाला. त्याचा मूळ नमुना इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड गांवचा. शक्ति सुमारें ३५ घोड्यांची. इंजिन चार सिलिंडरांचें व डिझेलवर चालणारें. १९७७ सालीं ही कंपनी महिंद्र कंपनींत विलीन झाली.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. ज्या मुलुखांत ट्रॅक्टर घडले, त्याच मुलुखांतील शेतें नाहींशीं झालीं. यावरून हें उघड होतें कीं यंत्र शेत नांगरूं शकतें, पण शेत राखूं शकत नाहीं. राखणें हें माणसाच्या विचाराचें काम आहे. हाच आपल्या धड्याचा मुख्य मुद्दा: यंत्र बळ देतें, विवेक देत नाहीं.

२. ऋतु ओळखणें

मुंबईंतून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्यानें २०२० सालीं ८ ऑक्टोबर अशी ठरविली. पूर्वीं ती सप्टेंबराच्या अखेरीस धरीत. म्हणजे हळवें भात पिकून उभें असतां पाऊस अजून डोक्यावर असण्याचा संभव आहे. शिवाय ऑक्टोबर व नोव्हेंबर हे अरबी समुद्रांतील वादळांचे महिने आहेत. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ कोंकणच्या किनाऱ्यावर आलें. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरीस ‘क्यार’ वादळ समुद्रांतूनच गेलें, तरी त्या सुमाराच्या पावसानें कोंकणांतील कापलेलें व उभें भात भिजून पुष्कळ नुकसान झालें.

यास्तव शेतकऱ्यानें दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली, पिकाची पक्वता. लोंबींतील शंभरांपैकीं ऐंशी-पंच्याऐंशी दाणे पिवळे झाले म्हणजे कापणीस हात घालावा. सर्व दाणे वाळेपर्यंत थांबल्यास दाणे शेतांतच झडतात. दुसरी, दाण्याचा ओलावा. कापणीच्या वेळीं शंभर भागांत सुमारें वीस ते चोवीस भाग पाणी असतें; तें चौदाच्या खालीं आल्यावांचून धान्य कणगींत भरूं नये, नाहींतर तें तापतें व त्यास बुरशी येते. दाणा दातांखालीं घेतला असतां ‘कट्’ असा आवाज होऊन फुटला तर तो वाळला असें जुने लोक समजत, आणि घरच्या अंदाजास ही रीत अजून पुरेशी आहे.

एका गांवीं आम्हीं पाहिलेली गोष्ट सांगतों. दोन शेजाऱ्यांचें भात एकाच दिवशीं कापून झालें. एकानें ठरविलें कीं पलीकडच्या गांवचा ट्रॅक्टर येईल तेव्हां खळ्यावर पेंढ्या पसरून चाकांखालीं मळणी करावी. दुसऱ्यानें घरच्या माणसांस हांक मारली व फळीवर पेंढ्या झोडण्यास आरंभ केला. ट्रॅक्टरवाला आज येतों, उद्यां येतों, असें म्हणत राहिला. तीन दिवस ऊन पडलें. चौथ्या रात्रीं पावसाची सर आली. दुसऱ्या शेजाऱ्याचें भात घरांत होतें. पहिल्याच्या भाऱ्यांस पुढें मोड फुटले. त्या मनुष्यास आम्ही आळशी म्हणत नाहीं. तो कष्टाळूच होता. परंतु यंत्र येणार या भरंवशावर त्यानें हातचें ऊन घालविलें. यंत्राची वाट पाहावी, पण यंत्राविना काम कसें पार पाडावें याची तयारी आधीं करून ठेवावी.

३. जुन्या यंत्राची निगा

जुना ट्रॅक्टर बहुधा म्हातारपणामुळें बंद पडत नाहीं, हयगयीमुळें पडतो. हंगामापूर्वीं पुढील गोष्टी पाहाव्या.

इंजिनांतील तेल काळें व पातळ झालें असल्यास बदलावें. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांत हवेची गाळणी तेलाच्या वाटीची असते. मळणीच्या दिवसांत ती वाटी रोज उघडून धूळ व गाळ काढावा. रेडिएटरच्या जाळींत तूस अडकलें म्हणजे इंजिन तापतें. तें मऊ कुंच्यानें झाडून काढावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कधींहि लागलींच उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर येतें.

कार्तिकांतील थंड रात्रींसंबंधानें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. डिझेलची टाकी अर्धी रिकामी ठेवली तर रात्रीं तींतील हवेचा ओलावा थंड पत्र्यावर जमून पाणी होतें, आणि तें पाणी डिझेलांत उतरतें. म्हणून संध्याकाळीं काम संपल्यावरच टाकी भरावी. तसेंच खळ्यावर सायलेन्सरच्या आसपास पेंढा सांचूं देऊं नये. एक ठिणगी सबंध उडवी जाळावयास पुरे आहे. जवळ पाण्याचें पिंप व वाळू असावी.

४. जिवाचें मोल

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग. धान्य गेलें तर पुढल्या वर्षीं पिकेल. मनुष्य गेला तर पुन्हां येत नाहीं.

ट्रॅक्टराच्या मागें यंत्र चालविणारा जो दांडा फिरतो, त्यास पी. टी. ओ. म्हणतात. तो बहुधा मिनिटास ५४० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदांत नऊ. धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक, किंवा लुगड्याचा पदर त्यांत सांपडला, तर ‘थांबवा’ असें ओरडण्यास लागणाऱ्या वेळांत तो अनेक वेढे घेऊन चुकतो. त्या दांड्यावर झांकण असलेंच पाहिजे, आणि चालू दांडा कोणीहि ओलांडूं नये. मळणीयंत्रांत पेंढी लोटतांना हात गमावलेलीं माणसें इतकीं झालीं कीं १९८३ सालीं अशा धोक्याच्या यंत्रांकरितां सरकारास निराळा कायदा करावा लागला.

दुसरें भय उलटण्याचें. चाकें चिखलांत रुतलीं असतां कित्येक जण चाकांपुढें ओंडका बांधतात व क्लच झटक्यानें सोडतात. चाकें फिरूं शकत नाहींत, म्हणून इंजिनाचें बळ ट्रॅक्टराचें तोंडच वर उचलतें, आणि तो मागें चालकावर पालथा पडतो. यास दोन सेकंदहि लागत नाहींत. उडी मारण्यास अवकाश मिळत नाहीं. रुतलेला ट्रॅक्टर सावकाश मागें घ्यावा, किंवा दुसऱ्याकडून ओढून काढावा. ओझें नेहमीं खालच्या दांड्यासच जोडावें, उंच कधींहि जोडूं नये.

तिसरें, मुलांस मडगार्डावर बसवूं नये. मुलें हट्ट करितात व बापास कौतुक वाटतें, हें आम्ही जाणतों. परंतु एका खड्ड्याच्या हिसक्यासरशीं मूल मागल्या चाकाखालीं जातें. लग्नाचीं किंवा जत्रेचीं माणसें ट्रॉलींत भरून नेणें हेंहि असेंच अविचाराचें आहे, आणि तें कायद्यासहि धरून नाहीं.

५. कर्ज, शेजारी आणि मजूर

ज्याच्यापाशीं दोन एकर भात आहे त्यानें स्वतःचा ट्रॅक्टर घ्यावा काय? हिशोब करून पाहा. नांगरणी, चिखलणी व मळणी मिळून एकरीं दहा तास धरले, तरी वर्षांत वीस तासच काम निघतें. उरलेले दिवस ट्रॅक्टर दारांत उभा राहतो, आणि कर्जाचें व्याज मात्र एक दिवसहि उभें राहत नाहीं. जुना ट्रॅक्टर स्वस्त मिळाला तरी त्याची दुरुस्ती स्वस्त नसते. यापेक्षां पांच-दहा घरांनीं मिळून एक घ्यावा, किंवा भाड्यानें आणावा. परंतु सामाईक वस्तूचा तंटा लौकर उपस्थित होतो. यास्तव कोणाची पाळी केव्हां, डिझेल कोणाचें, मोडल्यास खर्च कोणाचा, हें आधींच कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. पाळी ठरवितांना ज्याचें भात आधीं पिकलें त्याचें काम आधीं करावें. ज्याचा आवाज मोठा त्याचें आधीं, असें होऊं नये.

आणखी एका मनुष्याचा विचार केला पाहिजे. ज्या मजुरास पूर्वीं झोडणीच्या कामीं धान्य मिळत असे, त्याच्या सुपांत आतां काय पडतें? रूथ सरवा वेंचून आपलें व सासूचें पोट भरीत होती, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लेंकरांसहि ठाऊक आहे. यंत्रानें मालकाचे आठ दिवस वांचविले, तर त्या बचतींतील कांहीं वांटा ज्याचें काम गेलें त्याच्याकडे जावा. त्यास पेंढा बांधणें, धान्य वाळविणें, बांध दुरुस्त करणें अशीं कामें द्यावीं. आमचे पुष्कळ वाचक स्वतः मजुरी करून वाढलेले आहेत. त्यांस हें अधिक सांगणें नको.

शेवटीं, कांदिवलीच्या कारखान्याची गोष्ट पुन्हां आठवूं या. तेथून निघालेल्या यंत्रांनीं लाखो एकर जमीन नांगरली. पण ऊन केव्हां धरावें, कर्ज किती घ्यावें, मूल कोठें बसवावें, व शेजाऱ्याची पाळी केव्हां द्यावी, हें ठरविण्याचें काम त्यांनीं कोणाहि मनुष्यावरून उतरविलेलें नाहीं. तें आपल्याकडेच आहे.

विचारार्थ प्रश्न
(कापणीच्या सणास मंडळी जमेल तेव्हां प्रचारकांनीं हे विचारावे.)

१. भात कापणीस आलें हें कोणत्या खुणेवरून ओळखावें? कणगींत भरण्यापूर्वीं कोणती परीक्षा करावी?
२. दोन शेजाऱ्यांपैकीं पहिल्याची चूक कोणती? आपल्या गांवीं तशी गोष्ट घडली आहे काय?
३. डिझेलची टाकी सकाळीं न भरतां संध्याकाळीं कां भरावी?
४. रुतलेल्या चाकापुढें ओंडका बांधल्यानें काय होतें?
५. आपल्या गांवांत यंत्र आल्यापासून कोणाचें काम गेलें? त्याच्यासाठीं आपण या हंगामांत काय करूं शकूं?