निरोप आंत कसा पोहोंचतो ?

समोर वाघ असो वा परीक्षेची घंटा वाजो, भय वाटतांच आपलें हृदय धडधडूं लागतें. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें व हृदयाच्या पेशींस हुकूम देतें, एवढें पुष्कळांस ठाऊक असतें. पण हें द्रव्य पेशीच्या आंत जातच नाहीं. तें उंबरठ्यावरूनच परत फिरतें. मग आंतल्या मंडळींस निरोप कळतो कसा ?

पेशीच्या आवरणांत 'ग्राही' नांवाचीं प्रथिनें असतात. अ‍ॅड्रेनलिनच्या ग्राहीची सांखळी त्या आवरणांतून सात वेळां आरपार गेलेली असते. तिच्या बाहेरच्या खोबणींत अ‍ॅड्रेनलिन बसलें, कीं आंतल्या बाजूचा आकार पालटतो. तेथें 'जी-प्रथिन' वाट पाहत असतें. स्वस्थ असतांना तें जीडीपी नांवाचा लहानसा रेणु धरून बसतें. ग्राहीचा आकार पालटतांच तो सोडून जीटीपी धरतें. त्यासरशी त्याचा आल्फा नांवाचा भाग सुटा होऊन आवरणांतील एका एन्झाइमास जागें करतो, आणि तें एन्झाइम सायक्लिक एएमपी ह्या आंतल्या निरोप्याचे रेणु भराभर तयार करूं लागतें. बाहेर एकदां उच्चारलेला शब्द आंत असा शतमुखी होतो. जी-प्रथिनांच्या शोधाबद्दल गिलमन व रॉडबेल यांस १९९४ सालीं, आणि ग्राहींच्या अभ्यासाबद्दल लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांस २०१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आम्हांस मात्र ह्या यंत्राची खरी खुबी त्याच्या बंद होण्यांत दिसते. आल्फा भाग स्वतःच जीटीपीचा एक तुकडा तोडून त्याचें पुन्हां जीडीपी करतो व निमूटपणें आपल्या जागीं परततो. तो परतलाच नाहीं, तर काय होईल ? पटकी, म्हणजेच कॉलरा, हें त्याचें भयंकर उत्तर होय. अशींच जी-प्रथिनें आंतड्याच्या पेशींतहि असतात. पटकीचे जंतु एक विष सोडतात, हें कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सिद्ध केलें. आणि तें विष आल्फा भागाची जीटीपी तोडण्याची शक्तीच हिरावून घेतें, हें पुढें उघडकीस आलें. निरोप थांबत नाहीं, सायक्लिक एएमपी वाढत जातें, आणि पेशींतील क्षार व पाणी आंतड्यांत वाहूं लागतें. अत्यवस्थ रोग्याच्या शरीरांतून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊं शकतें.

सुदैवानें त्याच पेशींस आणखी एक दार आहे. ग्लुकोज व मीठ जोडीनें ज्या वाटेनें आंत येतात, त्या वाटेस हें विष शिवत नाहीं. आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि येतें. १९७१ सालीं बांगलादेशाच्या युद्धामुळें निर्वासितांनीं भरलेल्या बनगांवच्या छावणींत शिरेंतून द्यावयाचें पाणी संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व ग्लुकोज घातलेलें पाणी रोग्यांस पाजण्यास आरंभ केला. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ४ च्या खालीं आलें.

पालकांनीं हें प्रमाण लिहून ठेवावें : उकळून गार केलेलें पाणी १ लिटर, साखर चहाचे सपाट ६ चमचे, मीठ अर्धा चमचा. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो, म्हणून दुकानांतील तयार पुडी मिळाल्यास तीच बरी. मूल ओकलें तरी थोडें थांबून पुन्हां चमच्याचमच्यानें पाजावें, आणि पाजतां पाजतांच दवाखान्याची वाट धरावी.