चेंबर कुणाचं?

"जोडून टाकू की, त्यात काय लागतंय?" मेस्त्रींनी एवढं म्हटलं आणि घरमालक निर्धास्त झाला. (हा घरमालक म्हणजे प्रस्तुत लेखकच. पण स्वतःच्या घरच्या मैल्याबद्दल 'मी, मी' करत लिहायला पेन कचरतं, म्हणून जरा लांबून.) कोल्हापूरच्या उपनगरातलं जुनं घर, परड्यात सेप्टिक टाकी, ती दर पावसाळ्यात तुंबायची. समोर ड्रेनेज लाईन आल्याचं कळल्यावर टाकी बंद करून थेट जोडायचं ठरलं. रविवारी चर खणला, चार इंची पाईप टाकला, रस्त्याकडेच्या चेंबरला भोक पाडलं, दिवेलागणीला माती लोटली. अर्ज नाही, परवाना नाही. मेस्त्री चहा पिऊन गेले.

जुलैत न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं.

दुसऱ्या प्लंबरने आधी खोरं घेतलं नाही, नीळ मागितली. कपड्यांना घालायची नीळ बादलीभर पाण्यात कालवून संडासात ओतली आणि रस्त्यावरची झाकणं एकेक उघडून बघितली. निळं पाणी दिसलं ते पावसाळी गटारीच्या चेंबरमध्ये. ड्रेनेजचं चेंबर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होतं, डांबराखाली झाकण अर्धं गाडलं गेलेलं.

पहिल्या मेस्त्रींना फोन केला तर त्यांचा युक्तिवाद तयार होता : "शेवटी सगळं बावड्यालाच जातंय की." गंमत अशी, की हे अर्धं खरं आहे. शहरातल्या जयंती नाल्याचं पाणी बंधाऱ्याशी अडवून, उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवतात. त्या केंद्राची क्षमता दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर, दुधाळीच्या केंद्राची १ कोटी ७० लाख. पण जोराचा पाऊस झाला की नाला बंधाऱ्यावरून उडी मारतो आणि थेट पंचगंगेत जातो. म्हणजे घरमालकाच्या घरचा मैला उन्हाळ्यात कदाचित बावड्याला आणि आषाढात नक्की नदीत. खाली इचलकरंजी आहे. तिथे २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यातून काविळीची साथ आली होती, आणि ती त्या गावच्या लोकांना अजून आठवते. याची उलट बाजूही असते : गच्चीवरच्या पावसाचा पाईप ड्रेनेजला जोडला, की लाईन तुंबते आणि प्रक्रिया केंद्रावर नाहक पाण्याचा भार पडतो. पाऊस गटारीत, मैला ड्रेनेजमध्ये, हे दोन संसार वेगळेच ठेवायचे.

आता ढाळ. घरापासून चेंबर १८ मीटर. चार इंची पाईपला साधारण ५७ मीटरला १ मीटर ढाळ लागतो, म्हणजे इथे ३२ सेंटिमीटर. मेस्त्रींनी नजरेने दिला होता ८. एवढ्या आडव्या पाईपमध्ये पाणी पुढे निघून जातं आणि घन तेवढं मागे राहतं. सहा इंची पाईपला १०० ला १ पुरतो, म्हणजे १८ सेंटिमीटर, म्हणून जागा कमी असेल तर पाईप मोठा घ्यावा लागतो. हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. मात्र मोजायचं चर खणण्याआधी आणि शक्य तर जोतं बांधण्याआधी. ड्रेनेजचं चेंबर उघडून तळाची खोली बघितली नसेल, तर बाकीचं सगळं गणित हवेत.

आणखी एक घात रस्ता करतो. दर डांबरीकरणाला तो दोन-चार इंच चढतो आणि जुनी घरं तेवढीच खाली जातात. न्हाणीची जाळी रस्त्यावरच्या झाकणापेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर लाईन तुंबल्यावर पहिलं पाणी तुमच्याच घरात उगवणार. अशा घरांना उलटं पाणी अडवणारा झडपेचा व्हॉल्व्ह लागतो, आणि तो साफ करता येईल अशा चेंबरमध्येच बसवावा लागतो. पंचगंगेला पूर आला की हा धोका आणखी वाढतो : राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. सखल भागातल्यांना हे वेगळं सांगायला नको.

जुन्या टाकीचं काय? घरमालकाच्या मनात होतं, की दोन माणसं उतरवून साफ करून घ्यावी. प्लंबरने साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाईड साचतो. तो जास्त झाला की वासही कळेनासा होतो आणि माणूस आत शिरल्या शिरल्या कोसळतो. शिवाय २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि उतरवणारा घरमालक असला तरी त्यातून सुटत नाही. सक्शन गाडी बोलावली, टाकी उपसली, तळाला भोकं पाडली, मुरूम भरला.

कागदपत्रं मग रीतसर झाली. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांतलं आपलं विभागीय कार्यालय गाठायचं. घरफाळ्याची पावती, जागेचा नकाशा, परवानाधारक प्लंबर आणि रस्ता खुदाईची परवानगी. यात आठवडे गेले आणि घरमालक कुरकुरला, पण नकाशावर खूण करून द्यायची वेळ आली तेव्हाच चेंबर नेमकं कुणाचं हे कागदावर ठरलं. चर बुजवण्याआधी फोटो काढले, भिंतीपासून पाईपचं अंतर मीटरपेटीच्या दाराच्या आतून पेन्सिलीने लिहून ठेवलं.

पाण्याची नळी विकत घेतली होती ती परवा शेजारी मागून घेऊन गेले. त्यांच्याकडेही मेस्त्री आलेत, "त्यात काय लागतंय" म्हणणारे तेच.