अंथरुणावरच्या माणसापर्यंत पुस्तक पोहोचवू या

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात अनेक विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन होते. पण ज्यांना विहारापर्यंत चालताच येत नाही त्यांचे काय? पारशिवनीच्या वस्त्यांत रुग्ण पाहायला जातो तेव्हा अशी माणसे आम्हाला भेटतात. खुब्याचे हाड मोडलेल्या एक आजी म्हणाल्या, “औषध भेटते ताई वेळेवर. पण दोन वर्षं झाले, विहारातला एक शब्द कानावर नाही पडला.”

सतत एकटे पडून राहिले की मन खचते, भूक मंदावते, झोप बिघडते. म्हणून पुस्तक ही चैन नव्हे, तो शुश्रूषेचाच भाग आहे.

ही कल्पना नवी नाही. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी शंभर वर्षांपूर्वीच बडोदा संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरवल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून २००९ पासून वाचकांपर्यंत ग्रंथपेट्या जात आहेत. आपण एका पिशवीपासून सुरुवात करू.

काय करावे?

१. वस्तीत घराबाहेर पडू न शकणाऱ्यांची यादी करा. कोणाला काय वाचायला किंवा ऐकायला आवडते, ते त्यांनाच विचारा.

२. विहाराच्या कपाटातली पुस्तके काढा. सार्वजनिक वाचनालयात रुग्णाच्या नावावर दुसऱ्याला पुस्तक बदलून नेता येईल का, हे ग्रंथपालांना विचारा. पुस्तक हलके आणि मोठ्या अक्षरांचे निवडा.

३. आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो चुकवू नका. रुग्ण वाट पाहत असतो. दिलेले पुस्तक वहीत लिहा.

४. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आठवी-नववीच्या मुलांनी अर्धा तास वाचून दाखवावे.

५. वाचताना पाठीला उशीचा आधार द्या, उजेड मागून किंवा बाजूने येऊ द्या. वाचनात रमले तरी दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. अक्षर धूसर दिसत असेल तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या.

६. क्षयरोग हवेतून पसरतो, पुस्तकाला हात लावल्याने नाही. अशा रुग्णाला पुस्तक नाकारू नका. उपचाराच्या सुरुवातीला तोंडाला मास्क लावून मोकळ्या अंगणात बसा. आजाराच्या नावाखाली नवा विटाळ आपण तरी पाळू नये.

पुस्तक देताना रुग्णाकडेही नीट पाहा. पाठीवर लाल चट्टा, पायांवर सूज किंवा गोळ्या संपलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी आशाताईंना कळवा.

त्या आजींना अक्षर येत नाही. आता शेजारची मुलगी दर रविवारी त्यांना वाचून दाखवते. आजी शनिवारीच विचारतात, “उद्या येते ना पोरगी?”

येत्या पौर्णिमेला तुमच्या विहारातही ही यादी करा.

जयभीम!