विषय, प्रांत आणि क्षेत्र

पुण्याचे अतिशय जुने लेखी उल्लेख राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ताम्रपटांत आढळतात. इ. स. ७५८ च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ आणि इ. स. ७६८ च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’ असे शब्द आहेत. मराठी, गणित, इतिहास असे विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे वाचून नवल वाटेल. पुणे हा विषय कसा? त्या काळी ‘विषय’ म्हणजे राज्याचा एक विभाग, आजच्या जिल्ह्यासारखा. संस्कृतात या शब्दाला दोन्ही अर्थ होते. राजाची सत्ता जेथवर चाले तो मुलूख म्हणजे विषय. आणि मनाची किंवा इंद्रियांची पोच जेथवर जाते तोही विषय. पहिला अर्थ ताम्रपटांबरोबर मागे पडला, दुसरा शाळेच्या वेळापत्रकात राहिला.

जमिनीचा विभाग आणि कामाचा विभाग, या दोहोंसाठी माणसाने वेळोवेळी एकच शब्द वापरला आहे. मराठीत अशा शब्दांची मोठी संपत्ती आहे, आणि पुणे शहरात ती पावलोपावली दृष्टीस पडते.

प्रथम राज्यकारभारातील शब्द पाहू. मध्ययुगात फारसी ही दरबारची भाषा झाली आणि तिच्या वाटेने अनेक अरबी-फारसी शब्द मराठीत स्थिरावले. ‘जिल्हा’ या शब्दाच्या अरबी मुळाचा अर्थ बरगडी, बाजू असा आहे. ‘तालुका’ आणि ‘इलाखा’ हे दोन शब्द तर एकाच धातूपासून निघालेले सख्खे भाऊ आहेत. दोहोंच्या मुळाशी ‘संबंध’ हा अर्थ आहे. ज्या गावांचा ज्या ठाण्याशी संबंध, तो त्या ठाण्याचा तालुका. पुण्याभोवतालच्या तालुक्याचे नाव ‘हवेली’ आहे. हे नाव एखाद्या प्रशस्त घरावरून पडले असेल असे वाटते. परंतु मुख्य ठाण्याच्या लगतच्या, थेट सरकारी देखरेखीखालील प्रदेशाला जुन्या महसुली भाषेत ‘हवेली’ म्हणत. परगण्यातील बाजाराचे मोठे गाव ते ‘कसबा’ आणि लहान खेडे ते ‘मौजे’. जमिनीच्या दस्तऐवजांत गावाच्या नावाआधी ‘मौजे’ हा शब्द आजही लिहिला जातो.

पुण्याची जुनी वस्ती ‘कसबा’ या नावाने ओळखली जाते. तिच्याभोवती पुढे पेठा वसल्या. ‘पेठ’ म्हणजे व्यापाराची वस्ती. कन्नड आणि तेलुगू या शेजारच्या भाषांतही हा शब्द आहे. बंगळूरच्या ‘चिकपेटे’त तो ऐकू येतो. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या नावांच्या पेठा पुण्यात आहेत. आजची गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई. काही पेठांना व्यक्तींची नावे मिळाली. पानिपतच्या रणांगणावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ आहे, नारायणराव पेशव्यांच्या नावाची नारायण पेठ आहे, आणि नाना फडणिसांच्या नावाची नाना पेठ आहे.

पेठेच्या पोटात आळी असते. ‘आलि’ म्हणजे रांग. एकाच धंद्याची घरे रांगेने वसली की तिची आळी होते. तांबट आळीत हातोड्याचे ठोके ऐकू येत, तर बुरूड आळीत टोपल्या आणि सुपे विणली जात. येथे वस्तीचे नाव आणि कामाचे नाव एकजीव झालेले दिसते. ‘वाडा’ आणि ‘वाडी’ हे शब्द ‘वाट’ या संस्कृत शब्दापासून आले. त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा. म्हणून १७३० साली ज्याचे बांधकाम सुरू झाले तो शनिवारवाडाही वाडाच, आणि कुंभारांची वस्ती तो कुंभारवाडाही वाडाच. शहराच्या पूर्वेकडे इंग्रजांची छावणी पडली, आणि सैन्य या अर्थाचा ‘लष्कर’ हा शब्द त्या भागाचे नाव होऊन बसला.

आता या शब्दांचा दुसरा प्रवास पाहावा. ‘प्रांत’ या शब्दाचा मूळ अर्थ कड किंवा सीमा. पुढे तो मुलखाला लागू झाला. उपविभागीय अधिकाऱ्याला खेड्यापाड्यांतील लोक ‘प्रांतसाहेब’ म्हणतात ते त्यामुळेच. परंतु एखादा निष्णात वैद्य कायद्याच्या प्रश्नावर “हा माझा प्रांत नव्हे,” असे म्हणतो, तेव्हा तो जमिनीविषयी बोलत नाही. तो आपल्या ज्ञानाची सीमा प्रामाणिकपणे सांगतो.

‘क्षेत्र’ म्हणजे शेत. ‘शेत’ हा मराठी शब्द ‘क्षेत्र’ या शब्दापासूनच झाला आहे. जमिनीचे मोजमाप ते क्षेत्रफळ, आळंदी-पंढरपूर ही पुण्यक्षेत्रे, आणि माणूस जेथे आपले श्रम पेरतो ते कार्यक्षेत्र. अलीकडे मात्र या एका शब्दावर फार भार पडू लागला आहे. ‘शेतीच्या क्षेत्रात काम करतो’ असे म्हणणारा शेताचे नाव दोनदा घेतो. ‘शेती करतो’ एवढे पुरे असते. एकच शब्द सर्वत्र वापरला की त्याची भावंडे विसरली जातात. वस्तुतः प्रत्येकाचे काम वेगळे आहे. ग्रहाच्या फिरण्याचा मार्ग ती ‘कक्षा’, म्हणून ठरवून दिलेल्या अधिकाराची मर्यादा सांगताना ‘अधिकारकक्षा’ म्हणावे. परस्परांना ओळखणाऱ्या मंडळींचे ‘वर्तुळ’ असते. जेथे झुंज आहे तेथे ‘आखाडा’ हा शब्द शोभतो. ज्या गोष्टीचा अभ्यास करायचा तो ‘विषय’. नेमका शब्द निवडणारा नेमका विचार करतो.

सीमा सांगणारे शब्द उपयुक्त असतात, तसेच ते कधी अडसरही होतात. एकोणिसाव्या शतकात शिकणे आणि शिकवणे हा स्त्रियांचा प्रांत नव्हे, असे समाज मानीत होता. ज्योतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. एका पेठेतील एक वाडा, एवढीच त्या कार्याची जागा होती. सावित्रीबाई शेणाचा व दगडांचा मारा सोसून शाळेत जात राहिल्या. अखेर १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांना मृत्यू आला. त्यांची जागा लहान होती, पण कार्यक्षेत्र पाहता पाहता साऱ्या महाराष्ट्राएवढे झाले. फुले दांपत्य जेथे राहत असे, त्या गंज पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात.

पेठेची हद्द कागदावर आखता येते. माणसाच्या कार्याची हद्द मात्र त्याचे कर्तृत्व ठरवते.

स्वाध्याय

१. ‘विषय’ या शब्दाचे दोन अर्थ सांगा. त्यांतील समान कल्पना कोणती?
२. ‘तालुका’ आणि ‘इलाखा’ या शब्दांना लेखकाने सख्खे भाऊ का म्हटले आहे?
३. पुढील शब्द वाक्यांत वापरा : प्रांत, अधिकारकक्षा, वर्तुळ, आखाडा, कार्यक्षेत्र.
४. आपल्या गावातील आळ्या, वाडे, पेठा किंवा वाड्या यांची नावे लिहा. ती नावे कशावरून पडली असावीत, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून थोडक्यात सांगा.
५. ‘माणसाच्या कार्याची हद्द मात्र त्याचे कर्तृत्व ठरवते,’ या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.