बंधाऱ्यावरची पोरं समुद्रावर नेताना

पावसाळ्यात आपल्या कसबा बावड्यातलं दुसरी-तिसरीतलं पोरसुद्धा एक कोष्टक धडाधड म्हणून दाखवतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. मी भूगोल शिकवण्यात उभं आयुष्य घालवलं, पण हे मला फळ्यावर कधी लिहावं लागलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा पाचवीतला एक पोरगा मला रस्त्यात थांबवून फुटांच्या पुढचे इंचही सांगत होता. पाणी मोजायची सवय या गावच्या पोरांच्या अंगातच आहे.

म्हणूनच परवा जरा चमकले. लाइन बाजारात भाजी घेताना माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता दोन मुलांचा बाप. म्हणाला, "बाई, 25 डिसेंबर शुक्रवारी आलाय. शनिवार-रविवार जोडून रत्नागिरीला निघालोय. हॉटेल बुक केलं, गाडीची सर्व्हिसिंग केली, सगळं प्लॅनिंग झालं."

मी विचारलं, "त्या दिवशी भरती किती वाजता आहे?"

तो हसला. "आवो बाई, आमचं थोरलं बंधाऱ्यावरनं उड्या टाकतंय. समुद्राचं काय घिऊन बसलाय?"

पालकांनो, हे वाक्य एके काळी माझंच होतं, म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

माझा मुलगा नववीत होता. पंचगंगेत या काठावरून त्या काठावर सहज जाणारा. आम्ही कोकणात गेलो होतो. किनाऱ्याचं नाव सांगत नाही, कारण चूक किनाऱ्याची नव्हती. भर दुपारी पोचलो, बॅगा गाडीतच ठेवल्या आणि बापलेक पाण्यात शिरले. मी वाळूवर चपला राखत बसले होते. दहा मिनिटांत मुलगा मला लहान दिसायला लागला. आधी वाटलं, पोहत पुढे गेलाय. मग लक्षात आलं, त्याचं तोंड माझ्याकडे आहे. तो किनाऱ्याकडेच पोहत होता आणि तरी लांब लांब जात होता. मी भूगोलाची बाई, भरती-ओहोटीची आकृती डोळे मिटून काढणारी, आणि मला नुसतं ओरडता येत होतं. शेजारी जाळं निवडत बसलेले एक आजोबा उठले. एका तरुणाला रबरी ट्यूब आणि दोर देऊन त्यांनी तिरकं पाठवलं. मुलगा परत आला. आजोबा त्याच्या बापाला एवढंच म्हणाले, "नदीत पोवणारेच जास्ती सापडतात."

त्या वाक्याचा अर्थ मी घरी येऊन शोधला. नदी एकाच दिशेनं ओढते आणि ते डोळ्यांना दिसतं. गवत, फांद्या, फेस कुठं चाललाय ते बघून आपली पोरं अंदाज घेतात आणि दुसऱ्या काठाला लागतात. समुद्राला दुसरा काठ नाही. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून ओततात, ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात माघारी निघतं. गंमत अशी की त्या पट्ट्यावर लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे शांत, थोडं गढूळ पाणी. अनोळखी माणूस नेमका तिथं पोरांना घेऊन उतरतो, कारण तिथंच समुद्र गरीब दिसतो. एकदा ओढीत सापडलं की सरळ किनाऱ्याकडे पोहणारा, मग तो कितीही पट्टीचा असो, थकतो. करायचं असतं ते उलट. घाबरून झटापट करायची नाही, पाठीवर तरंगत राहायचं, हात वर करून बोलवायचं, आणि अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं. ओढ अरुंद असते, बाजूला सरकलं की सुटते. हे पोराला गाडीत बसायच्या आधी सांगा. पाण्यात ओरडून सांगितलेलं लाटांच्या आवाजात ऐकू जात नाही.

आता हा 25 डिसेंबर. 2026 मध्ये मार्गशीर्ष पौर्णिमा संपते 24 डिसेंबरच्या सकाळी. म्हणजे तुम्ही रत्नागिरीत पोचाल ते दिवस उधाणाचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला हेच पाणी मवाळ असतं, कोकणात त्याला भांगाची भरती म्हणतात. वेळ काढायचा एक जुना हिशेबही आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती साधारण त्या वाजता पूर्ण होते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. पुढे रोज सुमारे पाऊण ते एक तास उशीर. हा अंदाज आहे, बंदराप्रमाणे थोडं इकडंतिकडं होतं, म्हणून तिथल्या खलाशाला विचारायचंच. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरतीची कोष्टकंही असतात.

या हिशेबानं 25 तारखेची भरती दुपारी बारा ते एकच्या दरम्यान येते. आता तुमचं प्लॅनिंग बघा. सकाळी सहाला बावड्यातून निघायचं, शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, बोरपाडळे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. अंतर एकशेतीस किलोमीटरच्या आसपास. पोरांच्या उलट्या, चहा, रस्त्याची कामं आणि जोडसुट्टीची गर्दी धरून तुम्ही पोचणार अकरा-साडेअकराला. हॉटेलवाला सांगणार, खोली बारानंतर मिळेल. मग काय करायचं? "चला, तोवर समुद्रावर!" म्हणजे उधाणाची भरती ऐन भरात असताना तुम्ही पोरांना पाण्यात सोडणार आणि पाणी उतरायला लागलं की रंगात आलेली पोरं बाहेर यायचं नाव घेणार नाहीत. एक ते सहा पाणी माघारी जात असतं. आमची चपला राखायची वेळ नेमकी तीच होती.

म्हणून पहिली दुपार समुद्राला देऊ नका. तो कुठं जात नाही. जेवा आणि पोरांना मत्स्यालयात न्या. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं ते मत्स्यालय आहे, देवमाशाचा सांगाडा बघून पोरांचे प्रश्न थांबत नाहीत. किंवा थिबा राजवाडा. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला पदच्युत करून देशाबाहेर काढलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा 1910 चा, आणि 1916 मध्ये राजा इथंच वारला. ज्या समुद्रासाठी आपण सुट्टी काढून धावतो, तोच त्याला तीस वर्षं तुरुंगाच्या भिंतीसारखा होता. सातवी-आठवीच्या मुलाला हे सांगा, तो गप्प होऊन बघतो. सुट्टीच्या दिवशी वाडा उघडा असतो का, तेवढं आधी फोन करून विचारा.

संध्याकाळी पाचच्या पुढे भाट्याला जा. तेव्हा पाणी बरंच उतरलेलं असेल आणि ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा पडलेला असेल. खेकड्यांची नक्षी, शिंपले, सुरूचं बन. पाण्यात जायची गरजच वाटत नाही. सव्वासहाच्या आत सूर्य बुडतो. तेव्हा लगेच उठून भेळेच्या गाडीकडे पळू नका, अंधार पडल्यावर तासाभर थांबा. चंद्र मागून वर येतो, डोंगरावरून, आपल्या कोल्हापूरच्या बाजूनं. मुलांना पाठ फिरवून दोन्ही दिशा दाखवा. माझ्या सगळ्या तासांत मिळून पूर्व-पश्चिम जेवढी कळली नसेल तेवढी तिथं कळते.

पाण्यात उतरायचं असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठ ते साडेनऊ. तेव्हा पाणी चढतीला लागलेलं असतं. लहानांसाठी गुडघ्यापर्यंत, हात धरून, आणि हात धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात मोबाइल नको. जीवरक्षक असेल तिथंच. गणपतीपुळ्याला गेलात तर देवळासमोरच्या पाण्याच्या दिसण्यावर जाऊ नका. आरे-वारेचा रस्ता फार देखणा आहे, वरून डोळे भरून बघा, फोटो काढा आणि पुढे चला. या दोन्ही ठिकाणी बुडालेल्यांच्या बातम्या येतात आणि त्यांत आपल्या कोल्हापूर-सांगलीकडची नावं असतात. बापांना विशेष सांगते: पोरांसमोर शूरपणा दाखवायला आपल्याकडं तालमी आहेत. आणि पाण्यात उतरणाऱ्यानं आदल्या रात्रीपासून प्यायलेली नसावी, एवढं घरातल्या बाईनं स्पष्ट बोलावं. हे बोलायला लाजल्यामुळं घरं बसली आहेत.

गोव्याचं विचारणारेही भेटतात. नाताळात, लहान मुलं घेऊन, तीन दिवसांसाठी? नको.

आता जायच्या रस्त्याबद्दल, कारण माझ्या मते अर्धी सहल तिथंच आहे आणि पोरं ती मागच्या सीटवर कार्टून बघत घालवतात. निघताना पंचगंगा दाखवा आणि विचारा, हे पाणी कुठल्या समुद्राला मिळतं? दहातली नऊ मुलं सांगतील, अरबी, जवळ आहे म्हणून. खरं तर पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाते आणि कृष्णा हजारभर किलोमीटरहून जास्त चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पुढं मलकापूरला कडवी नदी भेटते, तीसुद्धा वारणेतून कृष्णेलाच. आंबा गाव मागं टाकून घाट उतरायला लागलात की पाण्याची दिशा फिरते. खाली काजळी नदी लागते आणि ती तुमच्यासोबतच रत्नागिरीला येते. संध्याकाळी भाट्याच्या खाडीत जिच्या मुखाशी उभे असाल, ती हीच काजळी. घाटमाथ्यावर दोन हातांच्या अंतरानं पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जातात. घाटात सकाळी धुकं असतं, तेव्हा हळू चला, आणि रात्रीचा घाट टाळा.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. मांडवीला काळी वाळू आहे, लोक त्याला काळा समुद्र म्हणतात, आणि मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र. दोन्हीकडची मूठभर वाळू पोरांना शेजारी शेजारी ठेवून बघू द्या. मिरकरवाड्याला सकाळी मासळीचा लिलाव बघा, बांगडा आणि सुरमई ताटात येण्याआधी कशी दिसते ते कळतं. वास येतो म्हणून नाक दाबू नका, ते लोकांचं पोट आहे. पतितपावन मंदिर बघाल तेव्हा 1931 हे साल सांगा आणि सगळ्या जातींना तिथं आत जाता यावं म्हणून ते भागोजीशेठ कीरांनी बांधलं, हेही. शाहू महाराज जन्मले त्या बावड्यातल्या पोरांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. डिसेंबरात हापूस नसतो, मोहोर असतो. आंबा मागून हट्ट करणाऱ्याला झाडच दाखवा.

शाळेचंही बोलते, राहवत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते. पोराला ताप आल्याचा खोटा अर्ज लिहू नका. सोमवारी ते उन्हानं काळवंडून, शिंपल्यांची पिशवी घेऊन वर्गात येतं आणि आम्हाला सगळं कळतं. वाईट एवढ्याचंच वाटतं की आईबापाच्या सहीचं खोटं त्याला सांभाळावं लागतं. "समुद्र बघायला नेतोय" असं सरळ लिहा. माझ्याकडं असा एक अर्ज आला होता. मी त्या मुलीला सोमवारी वर्गासमोर उभं करून पंधरा मिनिटं बोलायला लावलं.

आणि घरातल्या आजीला म्हशी-कुत्री राखायला मागं ठेवू नका. बावड्यात अशा कितीतरी आजी आहेत ज्यांनी चार महापूर बघितले, समुद्र एकदाही बघितला नाही. शेजारी दोन दिवस धार काढतात, विचारून तर बघा.

राहिलं भरतीचं वेळापत्रक. ते मोबाइलमध्ये ठेवू नका. पोराला एक वही द्या, तिथी त्यानंच दिनदर्शिकेत बघावी, पाऊणपट त्यानंच करावी, किनाऱ्यावर खलाशाला विचारून आपलं उत्तर त्यानंच तपासावं. 39 आणि 43 पाठ असलेल्या पोराला हे जड नाही. आणि ऐन रंगात येऊन तुम्ही पाण्याकडं निघालात आणि मागून त्यानं वही धरून हाक मारली, "बाबा, आता पाणी उतरायला लागलंय, नको," तर चारचौघांत हसू नका. थांबा, आणि त्याचं ऐका.